तानुमावशीची वगार

४ नोव्हेंबर

आले एकदाची! मेहकरहून निघताना बाबांनी पंक्चरचं दुकान बंद ठेवलं आणि एसटीच्या खिडकीतून पेढ्यांचा पुडा आत दिला. आमच्या घरात डिग्री घेणारी मी पहिली, आणि ती दुग्धशास्त्राची डिग्री घेऊन मी म्हशींकडे चालले, याचं त्यांना हसू येत होतं आणि कौतुकही. खामगावला गाडी बदलली, वडनेर भोलजीच्या फाट्यावर उतरले. तिथून या गावापर्यंत इथल्याच पंजाबरावकाकांनी ट्रॅक्टरवर आणलं. खोलीही त्यांचीच भाड्याने घेतली आहे. पुढे धंदा, मागे मी. वाटेत ते म्हणाले, सारे पोट्टे गाव सोडून शहरात जाऊन राह्यले, अन् तू उलटी काऊन आली वं माय? मी म्हटलं, खरवस करायला. ते इतके हसले की ट्रॅक्टर नालीत जाता जाता राहिला.

८ नोव्हेंबर

स्टीमर बसला, फ्रीजर चालू झाला. दर्शनी भिंत पांढरी करून मी स्वतः ठळक अक्षरांत लिहिलं : आधी वासराचं पोट, मग आपला डबा. जन्मल्या जन्मल्या वासराला चीक, म्हणजे आईचं पहिलं दाट दूध, मिळाला नाही तर ते सहसा तगत नाही. परीक्षेत हाच प्रश्न आला होता, पैकीच्या पैकी मार्क मिळाले होते.

इथे चीक विकत नाहीत, शेजारी वाटतात. घेणारी बाई भांडं रिकामं परत करत नाही. त्यात मूठभर ज्वारी टाकते, आणि ती ज्वारी व्यालेल्या म्हशीला घालतात. मी ज्वारीऐवजी नोट ठेवीन म्हटल्यावर बायांनी तोंडाला पदर लावला. शेजारच्या कोकिळाताईंनी विचारलं, म्हैस नोट खाईन काय वं?

पलीकडच्या गोठ्यातल्या तानुमावशी मात्र हसल्या नाहीत. एकट्या बाई, एकच म्हैस, तीही दिवसांत आलेली. त्यांनी भिंतीवरची ओळ माझ्याकडून दोनदा वाचून घेतली. म्हणाल्या, शिकेल पोरगी हाय, बराबर लिवलं. म्हैस व्याली का वासरू तुह्याच भरोशावर.

१८ नोव्हेंबर

बुलढाण्याच्या प्रदर्शनात माझा स्टॉल लागणार! बाबा येणार, काका येणार, आमची अर्धी गल्ली येणार. एका मिठाईवाल्यानेही चव पाहायला येतो म्हणून कळवलं आहे. आता चीक हवा. गावात सध्या एकच म्हैस व्यायची आहे, तानुमावशींची.

२१ नोव्हेंबर

पहाटे व्याली. वगार झाली, मादी वासरू. काळीभोर, कपाळावर पांढरा टिकला. मावशींना सकाळीच वडनेरला डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं होतं, म्हणून वगारीला बाटलीने पाजायचं काम मी मागून घेतलं. चीक भरपूर निघाला. वगारीला पोटभर पाजलं.

२३ नोव्हेंबर

प्रदर्शनात सगळे कप संपले. मिठाईवाल्याने दर आठवड्याला माल मागितला. बाबा येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून सांगत होते, माही पोरगी.

२५ नोव्हेंबर

वगार गेली.

एकवीस तारखेचं शेवटचं वाक्य खोटं आहे. कप कमी पडतील म्हणून मी सगळा चीक डब्यात ओतला. बाटलीत दुधाची पावडर आणि कोमट पाणी होतं. ते पिऊन झाल्यावरही वगार माझी बोटं चोखत राहिली. मी बोटं ओढून घेतली आणि ओढणीला पुसली. मावशींचं भांडं नोट ठेवून परत दिलं.

आज मावशींनी विचारलं, चीक पेली होती ना वं? मी म्हटलं, हो.

२ डिसेंबर

वासरू गेलं की म्हैस पान्हा सोडत नाही. म्हणून गावातल्या जानरावांनी वगारीचं कातडं मीठ लावून वाळवलं, आत कुटार, म्हणजे सुकं भूस, भरलं, पायांना काठ्या लावल्या, तोंड सुतळीने शिवलं आणि ते म्हशीपुढे उभं केलं. म्हैस त्याला चाटते. पण दूध नाही. मावशी म्हणतात, माह्याच हातात दोष असंन. चार दिवस वाट पाहणार, मग म्हैस बाजारात. त्यानंतर त्या काय खाणार, हे त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

उद्या खरं सांगते.

३ डिसेंबर

सांगितलं नाही. ओंजळभर ज्वारी घेऊन गोठ्यात गेले. म्हशीने ज्वारीला तोंड लावलं नाही. माझी ओढणी हुंगली, तिथेच, जिथे बोटं पुसली होती. मग हंबरली. कुटाराच्या वगारीचं तोंड म्हशीकडे होतं. मी निघताना दाराकडे होतं. मावशींनीच हलवलं असेल.

४ डिसेंबर

दुपारी जरा डोळा लागला होता. बोटांना ओढ लागून जाग आली. खरबरीत जीभ. टाळूचा गरम खळगा. खोलीत कोणी नव्हतं. बोटं मात्र ओली, सुरकुतलेली — आणि एका बोटाला कुटाराची काडी चिकटलेली.

मिठाईवाल्यासाठी शेजारच्या गावातून चीक आणून केलेला आजचा खरवस थिजला नाही. झाकण काढलं तर सगळ्या कपांत पाणी. आणि पावडरीचा वास.

५ डिसेंबर

हे कसं लिहू. कुर्ता पुढून ओला होतो. बदलला, पुन्हा ओला. पिवळं, दाट. चीक आहे. मला कळणार नाही तर कुणाला?

माझं लग्न झालेलं नाही. बाबांचा फोन आला, उचलला नाही. नळावर कोकिळाताई म्हणाल्या, भर उन्हात शाल काऊन वं? मी म्हटलं, कणकण आहे. आणखी एक खोटं. मावशींनी भिंतीआडून काढा पाठवला. त्यांनी. मला.

६ डिसेंबर

भिंतीवरची ओळ पुसायला गेले. चुना ओला झाला, अक्षरं तशीच. येणारे-जाणारे वाचतात आणि मला नमस्कार करतात.

उद्या म्हैस नेणार. आजच सांगायला हवं — या कपड्यांनी दारात कशी उभी —

दुपार

गोठ्यातलं कातडं जागेवर नाही. मावशी सगळीकडे शोधत फिरतायत. मला दिसतंय ते. माझ्या खाटेखाली. पांढरा टिकला. सुतळी तुटली आहे. तोंड ओलं.

दारावर थाप. मावशीच. म्हणतायत, पोरी, माही वगार तुह्याकडं तं नाही आली? दार उघड माय, तब्येत पाहतो तुही.

कडी हाताजवळ आहे. एवढंच म्हणायचं, की मी तिला उपाशी —

काठ्यांचे पाय फरशीवर वाजतायत. कुर्ता भिजून मांडीवर थेंब —

मी आतून ओरडले, नाही मावशी, इथं काहीच नाही.

त्या हो म्हणाल्या. गेल्या. चपला गोठ्याच्या बाजूला —

ती आता मांडीवर तोंड ठेवून आहे. हलकी आहे, कुटारच ते. पण तोंड गरम. डावा हात तिच्या तोंडात आहे, सोडत नाही. बोटांनी तिचं भागत नाही. ती वर पाहते आहे. मी ओरडले तर मावशी परत येतील, आणि मला अशी पाह—