कुमुदला भाऊ नाही

॥ श्री ॥

बदलापूर गाव,
ता. १७ जानेवारी १९५४

ती. दादांस,
सुहासिनीचा सा. न. वि. वि.

वहिनींनी पाठवलेला हलवा पोचला. अर्धा चिंतूनं खाल्ला आणि अर्धा अंगणातल्या मुंग्यांना वाढला. आमच्या वाट्याला काही आलं नाही, तरी आम्ही गोडच बोलत आहोत असं वहिनींना सांगा.

पत्राचं खरं कारण वेगळं आहे. कुमुदला उल्हासनगरचं स्थळ आलं आहे. मुलाचं नाव मधुसूदन. तिथल्या सरकारी कचेरीत आहे. दिवसभर सिंधी लोकांशी बोलून त्याचं मराठी थोडं घसरलं आहे म्हणतात, पण निर्व्यसनी आणि शांत. घरात तो आणि आई, बस्स. पत्रिका जुळली. त्याच्या आईनं यांना सहज विचारलं, मुलीला भावंडं किती. आणि दादा, यांच्या तोंडून निघून गेलं की कुमुद एकटीच. चिंतूला अजून रोज स्वतःच्या हातानं आंघोळ घालणारा हा बाप! घरी येऊन मला सांगितलं आणि भिंतीकडे तोंड करून निजले. शाळेलासुद्धा गेले नाहीत.

मी रागावणार होते, पण रागावता आलं नाही. आधीची दोन्ही स्थळं चिंतूला पाहून उठली, हे तुम्हाला ठाऊक आहे. एका बाईंनी तर पोहे खाताखाता विचारलं, हे आईकडून आलंय की वडिलांकडून. दोन वर्षांचा असताना ताप डोक्यात गेला, हे किती जणांना सांगायचं? कुमुदला तेविसावं लागलं. हल्ली ती आरशापुढे उभी राहत नाही. दोघांपैकी एकाचं तरी भलं व्हावं, एवढंच मला आता दिसतं.

तेव्हा लग्न होईपर्यंत चिंतूला तुमच्याकडे ठेवा. भात कालवून घास करून दिला तरच खातो. अंगानं सतरा वर्षांचा असला तरी वहिनींनी त्याला पाचाचाच समजावा. तुमच्या कारखान्याचा भोंगा वाजला की घाबरेल. तेव्हा नुसता पाठीवर हात ठेवायचा, बाकी काही नको. पुढं मी सगळं निस्तरीन. नकार देऊ नका.

तुमची बहीण,
सुहासिनी

॥ श्री ॥

अंबरनाथ,
ता. २३ जानेवारी १९५४

चि. सौ. सुहासिनीस अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. आधी रागावून घेतो, मग हो म्हणतो.

मास्तरांनी खोटं बोलायला निवडून निवडून हेच खोटं निवडावं? लग्नानंतर चिंतू घरी येईल तेव्हा जावयाला काय सांगणार, पावसात वाहून आला? अजून वेळ गेलेली नाही. माणसं बरी असतील तर खरं सांगून टाका, आणि बरी नसतील तर मुलगी देता कशाला? मी हे जोरजोरात बोललो, तर तुझ्या वहिनीनं मला गप्प केलं. मला मुलगी नाही, तेव्हा मुलीच्या आईला शहाणपण शिकवू नये असं मालिनीचं मत. माझ्याबद्दल तिची सगळी मतं याच धर्तीची असतात.

रविवारी येतो चिंतूला न्यायला. त्याला सांग, मामाकडे कुत्र्याची पिल्लं झाली आहेत. हे मात्र खरं आहे.

मास्तरांना नमस्कार. रागावलो म्हणून माया आटली असं समजू नये.

तुझा दादा,
विष्णू

॥ श्री ॥

अंबरनाथ,
ता. २२ मे १९५४

चि. सौ. सुहासिनीस अनेक आशीर्वाद.

कार्य चांगलं झालं. जिलबी थोडी नरम होती, पण विहीणबाईंनी दोनदा घेतली हे मी पाहिलं आहे. जावई खरोखर सज्जन वाटला. तू विचारलंस म्हणून आता इकडचं लिहितो, नाहीतर लिहिणार नव्हतो.

आम्ही सगळे लग्नाला आलो तेव्हा चिंतूला आमच्याकडे भांडी घासणाऱ्या कौसाबाईनं मोरिवलीला तिच्या घरी नेलं होतं. नवा सदरा घातल्याशिवाय तो घराबाहेर पडेना. मालिनीला कळेना की हा सदऱ्यासाठी का अडून बसला आहे. ते दुसऱ्या दिवशी कळलं. कुमुद त्याला लहानपणापासून सांगत आली आहे म्हणे, की माझ्या लग्नात नवरदेवाचा कान तू पिळायचास, चांगला लाल होईपर्यंत. रोज रात्री निजताना ती स्वतःचा कान पुढं करून त्याची तयारी करून घ्यायची. आम्हाला यातलं काही ठाऊक नव्हतं. मुलीला सख्खा भाऊ नाही म्हटल्यावर कानपिळीला आमच्या शशिकांतला उभं केलं आणि सगळे हसलो.

शशिकांत परतला तो कानपिळीचं उपरणं गळ्यात घालूनच. चिंतूनं ते पाहिलं. सुशे, त्याला काही कळत नाही असं आपण समजतो. त्यानं शशिकांतचा कान धरला तो सुटेना. रक्त आलं, तरी सुटेना. आणि सगळा वेळ रडत होता चिंतूच. शशिकांत शहाणा, त्यानं हात उगारला नाही. उपरणं आता मालिनीनं ट्रंकेत तळाशी टाकलं आहे.

कुमुद सासरी गेली. तेव्हा आता चिंतूला न्यायला कधी येतेस ते कळव.

आशीर्वाद आहेतच.
दादा

॥ श्री ॥

बदलापूर गाव,
ता. १८ ऑगस्ट १९५४

ती. दादांस सा. न. वि. वि.

मंगळागौर झाली. विहीणबाई राहायला आल्या होत्या. जाताना म्हणाल्या, तुमचं घर किती शांत आहे. मी हसले. नंतर मोरीत जाऊन तोंड धुतलं.

चिंतूला लगेच आणता येत नाही. विहीणबाई दिवाळसणाला पुन्हा यायच्या आहेत. कुमुद तिथं जरा रुळू दे, नवऱ्याशी मन मोकळं करण्याइतकी जवळीक होऊ दे, मग तीच त्यांना सांगेल. दिवाळीनंतर नक्की आणते. वहिनींना फार त्रास होतो हे मला कळतं. त्यांचे पाय धरायला हवेत, आणि मी मात्र पापड पाठवते आहे. उल्हासनगरचे आहेत, कुमुदनं सिंधिणीकडून शिकून केलेले. तिचे आहेत हे चिंतूला सांगू नका, फक्त खायला घाला.

तुम्ही म्हणाल, येऊन भेटून तरी जा. दादा, भेटले तर त्याला ठेवून परत यायला जमणार नाही मला. म्हणून येत नाही. कालवलेल्या भाताचा घास अजून रोज पानात होतो आणि मग तो मीच खाते. याला आईपण म्हणायचं का, ते तुम्हीच सांगा. मुलं वाढवली म्हणते मी, पण एकाला वाढवण्यासाठी दुसऱ्याला पुसून टाकलं.

मोठ्या मनानं सांभाळून घ्यावं.
सुहासिनी

॥ श्री ॥

अंबरनाथ,
ता. ९ जानेवारी १९५५

चि. सौ. सुहासिनीस आशीर्वाद.

दिवाळी होऊन गेली. संक्रांत आली. मी तुला टोचत नाही, पण इथं काय चाललं आहे ते तुला कळलं पाहिजे.

तुझ्या जावयाचे चुलते आमच्याच कारखान्यात लागले आणि बुवापाड्याला राहायला आले. ते कधीही चहाला टपकतात. त्यांना काय सांगायचं? म्हणून दाराची कडी वाजली की मागच्या खोलीत जाऊन गप्प बसायचं, असं मालिनीनं चिंतूला शिकवलं. प्रथम तो ओरडायचा. मग तिनं बेसनाचे लाडू दाखवले, कधी दरडावलं, एकदा मारलंही. मारून झाल्यावर ती दिवसभर जेवली नाही. तिला दोष देऊ नकोस. तू दिलेलं काम तिनं केलं आहे.

आता तो आमच्यापेक्षा आधी उठून आत जातो. तुझं नाव काढत नाही. परवा मी मुद्दाम विचारलं, आई कुठं आहे, तर मालिनीकडे बोट दाखवलं. पुन्हा सांगतो, ने त्याला.

दादा

॥ श्री ॥

उल्हासनगर,
ता. २० फेब्रुवारी १९५५

ती. सौ. आईस,
कुमुदचा सा. न. वि. वि.

मला दिवस गेले आहेत, पाचवा महिना चालू आहे. ही बातमी मी वेगळ्या तऱ्हेनं लिहायची ठरवली होती.

काल धीर करून मी यांना आणि सासूबाईंना चिंतूबद्दल सांगितलं. सासूबाई शांतपणे म्हणाल्या की त्यांना लग्नाआधीपासून ठाऊक आहे. गेल्या वर्षीच्या महाशिवरात्रीला अंबरनाथच्या देवळात त्यांनी मालिनीमामीबरोबर चिंतूला पाहिलं. चेहरा हुबेहूब माझा. मामी म्हणाल्या, लांबचा भाचा आहे. त्यापुढं सासूबाईंनी कुणाला काही विचारलं नाही. मुलगी पसंत होती, चिंतूबद्दल त्यांना काही वावगं वाटलं नाही. आपले नाना आज सांगतील, उद्या सांगतील, निदान अक्षतांच्या आधी सांगतील, म्हणून त्या वाट पाहत राहिल्या. मंगळागौरीला राहिल्या त्याही तू सांगशील म्हणून.

आई, त्यांनी चिंतूला नाकारलं नसतं. आपणच त्याला नाकारलं. मीही अंतरपाटामागे गप्प उभी होते. शशिकांत कान पिळत होता तेव्हा मी हसलेही.

सासूबाईंनी सांगितलं आहे की बाळंतपणाला बदलापूरला पाठवणार नाही. पोटचं मूल ज्या घरात लपवलं जातं त्या घरात त्यांचं नातवंड जन्माला यायला नको. आधी मला भीती वाटायची की माझं बाळ चिंतूसारखं झालं तर. आता वाटते, तसं झालं तर मी तुझ्यासारखी होईन का. हे लिहायला नको होतं, पण लिहिलं गेलं. सध्या इकडे येऊ नकोस.

नानांना नमस्कार.
कुमुद

॥ श्री ॥

बदलापूर गाव,
ता. ३ जुलै १९५५

ती. दादांस सा. न. वि. वि.

चिंतूला घेऊन आल्यापासून पत्र लिहायला झालं नाही. स्टेशनवर तुमचा हात सोडताना तो जसा ओरडला, ते अजून कानात आहे. वहिनी कशा आहेत? त्या त्याला सोडायला स्टेशनवर आल्या नाहीत ते बरं केलं.

आता लपवायला कुणी उरलं नाही. मी दार सताड उघडं ठेवते. गावात सगळ्यांना तो पहिल्यापासून ठाऊक आहेच. पण पाऊल वाजलं की तो माजघरातल्या कणगीमागे जाऊन बसतो. हे शाळेतून आले तरी बसतो. हे उंबऱ्यातच थांबून हाका मारतात आणि मग बाहेर ओटीवर बसून राहतात, त्याला बाहेर यावंसं वाटेपर्यंत. कधी दिवेलागण होते. मी लाडू केले, ते पाहून तर तो आणखीच आत गेला.

परवा दुपारी वारा फार होता म्हणून दार लोटून घेतलं होतं. कडी वाजली. मी उठणार तोच चिंतूनं मला हाताला धरून कणगीमागे ओढलं आणि माझ्या तोंडावर हात दाबला. केवढी ताकद आली आहे त्याच्या हातात! पण ताकदीचं नाही दादा, तो थरथर कापत होता. मला वाचवत होता तो. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्यानं मला आपण होऊन जवळ घेतलं होतं. कडी पुन्हा वाजली. शेजारची बनूबाई असेल, मागाहून येईल, असं म्हणून मी तशीच बसले. हाक आली असेल, पण वाऱ्यात कळली नाही. मग पावलं गेली.

संध्याकाळी बनूबाई आली. म्हणाली, वैनी, दुपारी कुठं गेलावतात, तुमचे जावई येऊन गेले. बराच वेळ उभे होते. हातात मिठाईचा पुडा होता, पण तो तसाच परत घेऊन गेले. आत माणूस असल्याची चाहूल त्यांना लागली होती, असं तिला वाटलं.

कुमुदचे दिवस भरले होते. म्हणजे सुटली असणार. पुडा होता म्हणजे सुखरूप असणार, असं हे म्हणतात. हे लगेच निघाले होते उल्हासनगरला, पण कोपऱ्यावरून परत आले. कुठल्या तोंडानं जायचं, म्हणाले.

जावयाचे चुलते तुमच्या कारखान्यात आहेत. त्यांना विचारून मला एवढं कळवा, मुलगा झाला की मुलगी, आणि कुमुद कशी आहे. दुसरं काही विचारू नका. आजी कुणाची झाले तेवढं कळलं तरी पुरे.

माझ्यावर लोभ ठेवा असं लिहायला हात होत नाही. चिंतूवर ठेवा.

सुहासिनी