गाडी चालू होईल त्या दिवशी

३ मार्च, सोमवार. सकाळी ७.

ही काल बहिणीकडे गेली. दोन बॅगा घेऊन. मी विचारलं, परत कधी? तर म्हणाली, अंगणातली ती गाडी चालू होईल त्या दिवशी. एकतीस वर्षांच्या संसारात हिने इतकं स्पष्ट उत्तर पहिल्यांदाच दिलं. बरं वाटलं.

पिकअप नऊ वर्षं उभी आहे. म्हणजे काम आठवड्याचं. फार तर दहा दिवस धरू.

ठरवलं: रोज सहाला उठायचं. गाडीवर चार तास. रोज नोंद. आज उठायला पावणेसात झाले, पण आज फक्त नियोजन होतं.

४ मार्च, मंगळवार.

गाडीची पाहणी. चारही टायर बसलेत. बॉनेट उघडत नाही. उघडेल. मागच्या हौद्यात हिने बावीस कुंड्या मांडून ठेवल्यात, त्या भिंतीकडेला नेऊन ठेवल्या. त्यात दुपार गेली. कुंड्यांमुळे काम एक दिवस मागे पडलं, ही नोंद महत्त्वाची.

शेजारचे मास्तर कुंपणावरून बघत होते. म्हणाले, वहिनी गेल्या म्हणे, धक्का बसला असेल. मी म्हटलं, बॅटरी चार्ज केली की धक्क्याची गरज पडणार नाही. ते आत गेले. त्यांना गाड्यांतलं कळत नाही.

६ मार्च, गुरुवार. संध्याकाळ.

पहार घालून बॉनेट उघडलं. एअर फिल्टरमध्ये उंदराचं घरटं. वायरी कुरतडलेल्या. उंदीर नव्हते, कधीच सोडून गेलेले दिसतात. टाकीतल्या पेट्रोलला वार्निशचा वास आणि काळ्या चहाचा रंग.

दुपारी झोपलो. उठलो तर सकाळ की संध्याकाळ ते कळेना. काही वाटतही नव्हतं. हात झोपेत अंगाखाली आला की जसा होतो, तसं सगळं अंगच. थकवा असणार. जेवलो. काय जेवलो ते आठवत नाही.

१० मार्च, सोमवार.

आजपर्यंत गाडी चालू व्हायची होती. झाली नाही, कारण मिस्त्री आजच मिळाला. हा माणूस प्रत्येक वाक्याला ‘तूर्तास’ लावतो. तूर्तास टाकी उतरवू. तूर्तास कार्बोरेटर खोलू. मी त्याचं नावच तूर्तास ठेवलं. मनातल्या मनात.

त्याने विचारलं, एवढी वर्षं उभी का ठेवली? सांगितलं की फर्निचर पोचवायचा धंदा होता, दुकानदारांनी स्वतःच्या गाड्या घेतल्या, मग मी थोडे दिवस थांबायचं ठरवलं. ही तेव्हाच विका म्हणून मागे लागली होती. मी तिला समजावलं की जुनी गाडी काही वर्षांनी व्हिंटेज होते, आपण फक्त हलायचं नाही. माझं धोरण बरोबरच होतं. उभं राहून काही बिघडत नाही असं मला वाटायचं.

लेकीचा फोन आला. आईला एकदा तरी फोन केलात का, बाबा? म्हटलं, कार्बोरेटर उघडा आहे, हात ग्रीसचे आहेत. रात्री करतो म्हटलं. रात्री राहिलं.

१६ मार्च, रविवार.

पंधरवडा झाला. प्रगती उत्तम. नवीन बॅटरी, नवे प्लग, पॉइंट घासले. करंट निळा येतोय. तूर्तास म्हणाला, सेल्फ मात्र जळलाय आणि या मॉडेलचा आता कुठेच मिळत नाही. धक्का मारूनच चालू करावी लागेल.

हसलो. म्हटलं, अरे, शेवटची सहा वर्षं ती धक्क्यावरच होती! आमची पद्धत पक्की होती. फाटकापासून रस्ता उतरता आहे. मी स्टिअरिंगवर बसायचो, सेकंड गिअर टाकून, क्लच दाबून. ही मागून ढकलायची. वेग आला की मागून ओरडायची, सोडा! मी क्लच सोडायचो, इंजिन धरायचं. पावसापाण्यात, उन्हातान्हात, रोज सकाळी. एकदाही चुकलं नाही. याला टीमवर्क म्हणतात. अवघड भाग माझ्याकडे होता.

तूर्तासने विचारलं, वहिनींना कधी स्टिअरिंगवर नाही बसवलं? बसवणार होतो. राहून गेलं.

२१ मार्च, शुक्रवार.

ब्रेक मोकळे झाले. पहाटे सहाला उठायचं बंद केलंय, त्याने दिवस उगाच लांबतो.

लेक येऊन गेली. डबा आणला होता. म्हणाली, आईने तिकडे शिवणकामाचा क्लास सुरू केलाय, सात जणी येतात. भाड्याने खोलीही बघितलीय. मी म्हटलं, छान, तोवर तिचा वेळ जाईल. लेकीने विचारलं, तोवर म्हणजे कधीपर्यंत, बाबा? मी तिला क्लच प्लेट दाखवायला बाहेर नेलं. तिने नीट बघितली नाही. आत जाऊन सिंकमधली भांडी घासली आणि गेली. जाताना डोळे पुसत होती. मला काही झालं नाही. या वयात आपण बरेच खंबीर झालोय.

३० मार्च, रविवार.

पहिली ट्रायल. गाडी फाटकापर्यंत आणली. तूर्तास ढकलायला, मी स्टिअरिंगवर. तीन वेळा उतारावरून गेलो. एकदाही धरलं नाही. दर वेळी रस्त्यावरच्या माणसांनी गाडी वर ढकलून दिली. चौथ्यांदा सगळ्यांना कामं निघाली.

तूर्तासचं म्हणणं असं की मी क्लच एकदा लवकर सोडला, दोनदा उशिरा. म्हणाला, गाडीत आता काही दोष नाही, तुम्हाला कधी सोडायचं ते कळत नाही. मला! मी त्याला शांतपणे सांगितलं की हे काम मी तो शाळेत असल्यापासून करतोय. त्याने हात धुतले. तूर्तास येतो म्हणाला. गाडी फाटकातच राहिली, अर्धी आत, अर्धी बाहेर.

संध्याकाळी हिला फोन केला. या महिन्यातला पहिलाच. सगळं सविस्तर सांगितलं: टाकी, प्लग, ब्रेक, करंट. सगळं ठीक आहे, फक्त धरत नाही. हिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, सोडा आता.

मी म्हटलं, तेच तर विचारतोय, नेमकं कधी? फोन कट झाला. तिकडे नेटवर्कचा त्रास असावा. पण ‘सोडा’ हा शब्द अजून तोंडात आहे तिच्या. म्हणजे रस आहे.

५ एप्रिल, शनिवार.

लेकीकडून निरोप. ही उद्या चार वाजता येतेय! साडूचा टेम्पो घेऊन. शिलाई मशीन आणि कपाट न्यायचंय म्हणे. क्लास म्हटल्यावर मशीन लागणारच. कपाटाचं कळलं नाही, पण असेल काहीतरी.

गाडी धुतली. काचा पुसल्या. सीटला नवं कव्हर. दाढी केली. केवढी तयारी झाली एका दिवसात.

६ एप्रिल, रविवार. संध्याकाळी ७.

चारला आली. बारीक झालीय. साडू माझ्याकडे न बघता आत गेला. मशीन आणि कपाट वीस मिनिटांत अंगणात आलं, पण फाटकात पिकअप. कपाट बाहेर जाईना. मागेही घेता येत नव्हती, अंगणाला चढ आहे.

ही म्हणाली, बसा आत.

बसलो. सेकंड, क्लच. आरशात बघितलं. साडू हात लावायला आला, तर तिने त्याला बाजूला केलं. बाह्या वर सारल्या, दोन्ही हात हौद्याच्या फळीला लावले. गाडी हलली. उतार लागला. मागून आवाज आला, सोडा!

सोडला. इंजिनने धरलं. नऊ वर्षांनी. सगळी गाडी थरथरत होती आणि मीही.

तसाच पुढे गेलो, थांबलं तर बंद पडेल म्हणून. कोपऱ्यावर वळलो, बाजारामागून, शाळेवरून. वाटेत हिशोब केला: गाडी चालू होईल त्या दिवशी येईन म्हणाली होती. झाली. आली. आता तिला शेजारी बसवून एक मोठी चक्कर. पुढची सीट हाताने पुसून ठेवली.

परत आलो तर फाटक उघडं. टेम्पो नाही. मशीन नाही, कपाट नाही. मास्तर कुंपणाशी उभे होते, त्यांनी मान खाली घातली.

गाडी अंगणात घेतली. बंद केली नाही. बंद केली तर पुन्हा ढकलणार कोण? आत बसून राहिलो. ॲक्सिलरेटरवर पाय. टाकीत पेट्रोल थोडंच होतं. सहा दहाला इंजिनने दोनदा आचके दिले आणि ते थांबलं.

मग मला वाईट वाटलं. फार. मास्तरांनी हाक मारली तरी उतरता येईना.