ढब्बूला लागलेली शिस्त

३ एप्रिल, सोमवार
मुलगी आणि नात दोन आठवड्यांसाठी बाहेर गेल्या. नातीचा बेडूक, ढब्बू, काचेच्या पेटीसकट माझ्याकडे. पेटी ठेवता ठेवता मुलीने बजावलं, हा नीट राहिला तर मोठ्या सुट्टीत नात महिनाभर तुझ्याकडे. परीक्षा घेते माझी! मुठीएवढा तर जीव. नातीसाठी खोली आजच आवरायला घेतली.

सोबत जिवंत रातकिड्यांचा डबा. रोज तीन सोडायचे, तो पकडून खातो म्हणे. शी! जेवणाच्या मागे धावायचं?

४ एप्रिल, सकाळी ९
रातकिडे फ्रीजरमध्ये ठेवून शांतपणे मारले. तीन, बशीत, ओळीने. ढब्बू बशीत जाऊन बसला. खाल्लं नाही. नवी जागा, लाजत असेल.

५ एप्रिल
नाहीच. आमच्या बोर्डिंगमध्ये सिस्टर टाकलेलं ताट पुढच्या जेवणाला परत आणून ठेवत. मी मंगळवारचं बीट गुरुवारी खाल्लंय. किती माया होती त्यात, अजून डोळे भरून येतात. तीच बशी परत ठेवली.

७ एप्रिल
बशी तीच. वास येतो. कोणीतरी माघार घ्यायला हवी. ती मी घेणार नाही. नातीचा फोन. जेवतो ना ग आजी? म्हटलं, ताट सारखं पुढ्यात असतं त्याच्या. खोटं बोलले नाही.

८ एप्रिल
पाळीव प्राण्यांच्या दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, आजी, हलत नसेल तर ते खाणं आहे हे त्याला कळतच नाही, जिवंत सोडा. स्वतः साठ वर्षांचा, आणि मी आजी! वर लगेच नवा डबा पुढे केला. विकायच्या युक्त्या.

तरी दुपारी एक मेलेला रातकिडा दोऱ्याला बांधून नाचवला. ढब्बूने गपकन गिळला! दोऱ्यासकट. भरतकामाचा माझा चांगला रेशमी दोरा. हळूच ओढून घेतला. रातकिडाही बाहेर आला. मग ढब्बूने बराच वेळ तोंड मिटलं नाही. फार लाडावून ठेवलंय.

१० एप्रिल
कातडी कोरडी वाटली. कोमट पाणी, साबण, वर माझं कोल्ड क्रीम. रंग काय उजळला! फोटो पाठवला. मुलीचा तडक फोन, आई, ते आत्ताच्या आत्ता धुऊन काढ. हो हो म्हटलं. महागाचं क्रीम, मुरू दिलं.

१३ एप्रिल
फळ दिसायला लागलं. उड्या बंद. पाय आवरून, बशीकडे तोंड करून बसतो. खाशील ना, विचारलं. नाही म्हणाला नाही. उद्या नक्की खाणार.

१५ एप्रिल
कालपासून जागचा हललेला नाही. असं मन लावून बसणं आजकालच्या मुलांत कुठे दिसतं? नातीच्या खोलीला नवे पडदे लावले.

१६ एप्रिल, रविवार, दुपार
दोघी आल्या. नातीने पेटीत हात घातला आणि झटकन मागे घेतला. म्हणाली, हा कडक झालाय. ताठ बसायला शिकलाय, मी म्हटलं. बोलून गेले.

मग मलाही दिसलं.

तिने विचारलं, बशीतलं हे कधीचं? पहिल्या दिवसाचं, म्हटलं. संपेपर्यंत तेच वाढायचं, तुझी आई अशीच मोठी झाली. मुलगी म्हणाली, तिला माहीत आहे, मी सांगितलंय सगळं.

नातीने ढब्बूला आपल्या रुमालात गुंडाळलं. मोठ्या सुट्टीचं मी हळूच विचारलं. मुलगी म्हणाली, ती बाबांच्या आईकडे राहील.

चहा गाळून बाहेर आणेपर्यंत गाडी गेलेली. खरं तर एवढं मनाला लावून घेण्यासारखं काही नव्हतं.

१७ एप्रिल, सकाळी १०
कालपासून सहा फोन केले. उचलत नाही. अजून घरी पोहोचल्या नसतील.

त्यांचं घर इथून वीस मिनिटांवर आहे.