सातारच्या घरातला माझा निम्मा हिस्सा

मी, अंजना विल्सन सातपुते, वय ४६ वर्षे, नोकरी शाळेच्या ग्रंथालयात ग्रंथपाल, राहणार मिरज, जिल्हा सांगली, माझ्यामागे माझ्या चीजवस्तूंचे आणि माझ्या मुलीचे काय व्हावे हे आज पूर्ण शुद्धीवर असताना लिहून ठेवत आहे. मला कोणी धाक घातलेला नाही. आग्रह एकाने केला होता, पण तो वेगळ्या कागदावर सही करण्याचा होता. त्याविषयी पुढे येईलच.

येत्या गुरुवारी माझ्या हृदयाची झडप बदलण्याची शस्त्रक्रिया आहे. डॉक्टर निर्धास्त आहेत. मीही बऱ्यापैकी आहे. माझे मन स्थिर असल्याचा दाखला त्यांनी दिला असून तो सोबत जोडला आहे. तरीही हा प्रश्न मी स्वतःला पुन्हा विचारला, कारण मी रागात आहे. माणूस रागात असूनही शुद्धीवर असू शकतो, असे आमचे वकील ॲड. ऋषिराज माने यांचे मत पडले. ज्या कलमात रागाने माझा हात धरल्यासारखा वाटला, ते मी दुसऱ्या दिवशी फाडून नव्याने लिहिले आहे. या मृत्युपत्राची अंमलबजावणी वकीलसाहेबांनीच करावी.

१. माझे पती विल्सन तीन वर्षांपूर्वी वारले. आमची एकच मुलगी, शेरॉन, वय आठ. ती नऊ महिन्यांची असताना पुण्याच्या एका संस्थेतून आम्ही तिला रीतसर दत्तक घेतले. आदेशाची प्रत कपाटातल्या पत्र्याच्या डब्यात आहे. 'दत्तक' हा शब्द या कागदात मी माझ्या तोंडून एवढ्या एका ठिकाणीच वापरणार आहे. इथून पुढे ती माझी मुलगी.

शेरॉनला हे सगळे माहीत आहे. अंघोळीच्या वेळी ती स्वतःची गोष्ट ऐकते. माझा थोरला भाऊ प्रशांत तेव्हा साताऱ्याहून स्वतःची गाडी घेऊन आमच्याबरोबर पुण्याला आला होता. संस्थेच्या दारातून बाहेर पडताना ती त्याच्याच कडेवर होती, आणि खंबाटकी घाटात ती त्याच्या नव्या शर्टावर ओकली. मी शर्ट बदल म्हणाले, तर म्हणाला, "राहू दे गं. भाचीनं पहिला हक्क दाखवलाय." सातारा येईपर्यंत तो तसाच गाडी चालवत राहिला. गोष्टीतला हा भाग शेरॉनला दोनदा सांगावा लागतो. पुढे तिच्या बाप्तिस्म्याला तोच धर्मपिता होता. या मुलीला आपली समजून वाढवाल काय, असे पाळकसाहेबांनी विचारले, तेव्हा सगळ्यांत मोठा होकार त्याचा होता.

२. मिरजेतला दोन खोल्यांचा फ्लॅट शेरॉनचा. ती अठरा वर्षांची होईपर्यंत तो विकू नये. भाड्याने द्यायला हरकत नाही, पण भाडेकरूने गच्चीतली शेरॉनची झाडे काढू नयेत.

३. माझा भविष्यनिर्वाह निधी, विमा आणि बँकेत जे असेल ते तिच्या शिक्षणाला. ती काय शिकेल हे मी ठरवत नाही. सध्या तिला बस कंडक्टर व्हायचे आहे.

४. विल्सनचे कुपवाडच्या शेडमधले लेथ मशीन आणि सगळी हत्यारे माझ्या नणंदेचा मुलगा पप्पू याला. तो तिथेच काम शिकला आणि आजही ते मशीन रोज पुसतो. चर्चची पायपेटी दुरुस्त करायच्या हत्यारांची लहान पेटी मात्र शेरॉनला द्यावी. विल्सन पायपेटी उघडून बसायचे तेव्हा ती त्यांना पेचकस देत असे.

५. माझे मंगळसूत्र आणि आईच्या पाटल्या शेरॉनला. पाटल्या चार होत्या. त्यातल्या दोन माझ्या वहिनींनी माहेरच्या एका लग्नात एका दिवसासाठी नेल्या होत्या. त्या परत मागू नयेत. मी मागितल्या नाहीत, त्याला कारण माझा मोठेपणा नव्हता, संकोच होता, एवढी नोंद असावी.

६. माझ्या रोजनिश्या शेरॉन अठराची झाल्यावर तिला द्याव्यात. तोवर त्या माझ्या नणंदेकडे राहतील. त्या वाचल्या जाण्याची भीती नाही, नणंदेला वाचनाचा कंटाळा आहे.

७. माझ्यामागे शेरॉनचे पालकत्व माझ्या नणंदेकडे, सौ. रिबेका यांच्याकडे, असावे. त्या कुपवाडला राहतात, पप्पूच्या आई. शेवटचा शब्द न्यायालयाचा असेल हे मला वकिलांनी समजावले आहे. न्यायालयाला माझी इच्छा आणि तिचे कारण नीट कळावे म्हणून इथे सविस्तर लिहिते.

दोन महिन्यांपूर्वी लिहिले असते, तर या कलमात माझ्या भावाचे नाव असते. आमच्या चर्चच्या मंडळीत नोव्हेंबरात सुगीचा रविवार असतो. लोक शेतातले, परसातले काही ना काही आणून वेदीपुढे मांडतात, आणि उपासनेनंतर अंगणात त्याचा लिलाव होतो. एखाद्या लेकराने पहिल्यांदा स्वतः पिकवलेले आणले, की ती टोपली मामाने सोडवायची, अशी आमच्याकडची जुनी रीत. मामा बोली लावतो, बाकीचे त्याची खोड काढायला ती चढवत नेतात, आणि शेवटी टोपली मामाच्याच घरी जाते. शेरॉनने गच्चीत रंगाच्या रिकाम्या डब्यांत भेंडी लावली होती. टोपलीत भेंड्या, थोड्या मिरच्या आणि एक वाकडा दोडका होता. मी भावाला फोन करून मुद्दाम बोलावले. तो आला, वहिनींसह आला, आणि पुढच्याच खुर्चीवर बसला.

लिलाव आमच्या मंडळीचे पंच लालासाहेब घाटगे करतात. शेरॉनला त्यांनी स्टुलावर उभे केले आणि आवाज दिला, "चला, शेरॉन विल्सनची पहिली टोपली! सातारकर मामा, खिसा सैल करा!"

लोक हसले. माझा भाऊ मोबाईल बघत होता.

"सातारकर, मोबाईल मागनं बघा! भेंडी वाळाय लागली!"

तेव्हा हसणारे कमी झाले. भावाने मान वर केली नाही. शेरॉन टोपली छातीशी धरून त्याच्याकडेच बघत होती, हसत होती. त्याला कळले नसेल असे समजून मी त्याच्या खांद्याला हात लावला. त्याने खांदा काढून घेतला.

मागून नणंदेचा आवाज आला. "मामाचा हात दुकतोय वाटतं. आत्याचा चालतोय का बघा, लालासाहेब."

"आवं पण रीत मामाची—"

"रीत ऱ्हाऊ दे की. पोरगीला कवापातुर उभी ठिवनार हायसा?"

त्यांनी बोली लावली. ती कोणी चढवली नाही. थट्टेचा सूर कोणात उरला नव्हता.

जेवणाआधी मी भावाला त्याच्या गाडीपाशी गाठले.

"दादा, हात का वर केला नाहीस?"

"अंजू, इथं नको."

"इथंच."

त्याने आजूबाजूला पाहिले. "वकिलानं बजावलंय. मामा म्हणून चारचौघांत काही करायचं नाही. उद्या घराचा विषय निघाला, तर दोनशे माणसं सांगतील, यानं मंडळीसमोर भाची मानली होती म्हणून."

"भाचीच आहे ती."

"पोरगी गोड आहे गं, मी कुठं नाही म्हणतोय? पण आबांचं घर आपल्या रक्तात राहायला पाहिजे. तुझी तब्येत ही अशी." मग त्याने गाडीच्या मागच्या सीटवरून एक फाइल काढली. साताऱ्यातल्या आमच्या वडिलांच्या घराचे हक्कसोडपत्र होते, माझ्या नावाने टाइप केलेले. फक्त सही राहिली होती. वहिनी गाडीत बसून पर्समध्ये काहीतरी शोधत होत्या, आणि आमचे बोलणे संपेपर्यंत त्यांना ते सापडले नाही.

भेंडीची टोपली सोडवल्याने कोणत्याही कायद्यात नाते सिद्ध होत नाही आणि न सोडवल्याने तुटत नाही, हे मला पुढे माने वकिलांनी हसू दाबत सांगितले. शेरॉन माझी मुलगी आहे ती न्यायालयाच्या आदेशाने. माझ्या भावाने जे केले त्याचा त्याला काडीचा उपयोग नव्हता. मला हे कळल्यावर बरे वाटायला हवे होते.

परतताना शेरॉन म्हणाली, "मामाला ऐकू आलं नसेल. लालासाहेब आजोबांनी माईक घ्यायला पाहिजे होता." मी हो म्हणाले.

आता नणंदेविषयी. माझ्या त्यांच्याबद्दलच्या तक्रारी आहेत तशाच आहेत. त्या मोठ्याने बोलतात, न विचारता स्वयंपाकघरातले डबे हलवतात, आणि विल्सनने जास्त शिकलेली बायको केली हे त्यांनी अजून पोटात घातलेले नाही. टोपली सोडवली म्हणून मी त्यांना निवडत नाही. एका रविवारच्या उपकारावर आपली मुलगी कोणाला देऊ नये, इतके मला समजते. मी त्यांच्या घरी जाऊन सरळ विचारले.

"वन्सं, मला काही झालं तर शेरॉनला घ्याल का?"

"हे इचारायला रिक्षा करून आलासा व्हय?" त्या भाकरी थापत होत्या. "अन् जगलासा तर?"

"तर तुमची सुटका."

"कसली सुटका? दर ऐतवारी तुमच्या हातचं अळणी जेवाय यावं लागंल." मग भाकरी तव्यावर टाकून, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "घीन म्हंजे काय? ती आमच्या इल्सनची हाय. तुमीच मदी मदी तिला सातारला धाडत हुता."

त्यांनी 'आमच्या विल्सनची' म्हटले. त्यात रक्ताचा विषय त्यांच्या मनाला शिवलाही नव्हता. मी त्यांना निवडते ती या एका वाक्यासाठी.

८. माझा दफनविधी मिरजेच्या दफनभूमीत, विल्सनशेजारी. महिला मंडळाने गावे, पण लांबवू नये. मूठमाती देताना शेरॉनला पुढे घ्यावे. विल्सनच्या वेळी "लहान आहे, घाबरेल" म्हणून तिला गाडीत बसवून ठेवले होते. बसवणारा माझा भाऊ होता. तेव्हा ती माया आहे असे मी समजले. आता मला नक्की सांगता येत नाही, आणि जे नक्की नाही ते मी त्याच्यावर लादत नाही. पण असे मागचे एकेक उकरून बघायची सवय त्याने मला लावली, याचा राग मला टोपलीपेक्षा जास्त आहे.

९. सातारचे घर. आबा मृत्युपत्र न करता गेले, त्यामुळे निम्मे घर भावाचे, निम्मे माझे. आबांचे शेवटचे आजारपण भावाने आणि वहिनींनी काढले. ती सेवा मी पाहिली आहे. आबा गेले त्याच दिवशी मी मनाशी ठरवले होते, की माझा हिस्सा दादाला लिहून द्यायचा. योग्य वेळ बघून सांगू म्हणून थांबले. त्याने न मागता त्याला ते घर मिळाले असते. मी आधी बोलले असते तर त्याने टोपलीला हात वर केला असता, आणि मला हे कधी कळलेच नसते. ते बरे झाले असते की वाईट, हे मी अजून ठरवू शकलेले नाही.

माझा निम्मा हिस्सा मी माझ्या मुलीला, शेरॉनला देते. हे सुडाने करते आहे का? पहिल्या खर्ड्यात होते, म्हणून तो फाडला. दुसऱ्यात मी आधी ठरवल्याप्रमाणे हिस्सा भावालाच लिहिला. तो वाचताना मला दिसले, की असे केले तर शेरॉन बाहेरची आहे हे मीसुद्धा मान्य केल्यासारखे होते, आणि तेही सहीनिशी. म्हणून हा तिसरा.

मात्र भाऊ आणि वहिनी जिवंत असेपर्यंत त्यांना त्या घरातून कोणी काढू नये. शेरॉनने वाटणी मागू नये, भाडे मागू नये.

१०. शस्त्रक्रियेच्या दिवसांत कोणाकडे राहशील, असे मी गेल्या आठवड्यात शेरॉनला विचारले. ती लगेच म्हणाली, "मामाकडे." मग माझा चेहरा बघून म्हणाली, "नाहीतर आत्याकडे. पण आत्या वेणी घालताना ओढते."

तिची निवड माझ्या विरुद्ध आहे. ती मोडून मी सातवे कलम लिहिले आहे, ही गोष्ट मी लपवत नाही. शेरॉन, तू हे वाचशील तेव्हा मोठी असशील, आणि मामा काय बोलला ते तुला इथेच पहिल्यांदा कळेल. हे कलम गाळावे का, यावर मी फार दिवस घालवले. पण मग मी तुला का अडवले, हे तुला कोणी सांगितले नसते. शर्टाची गोष्ट मी तुला सांगत आले. ती खरी आहे. गाडीपाशी झाले तेही खरे आहे. यातले एक ठेवून दुसरे खोडता येईल असे पेन मला सापडले नाही.

तोपर्यंत तिला यातले काही सांगू नये, विशेषतः वन्सं, तुम्ही.

शेरॉन सज्ञान होईपर्यंत माझ्या भावाने दर मे महिन्यात तिला साताऱ्याला न्यावे. न्यायला त्याने स्वतः यावे, ड्रायव्हर पाठवू नये. तो आला तर तिला त्याच्याबरोबर आनंदाने पाठवावे. तो आला नाही तर तिला काय सांगायचे, ते मला सुचलेले नाही. ते मी वन्संवर सोडते.

वकीलसाहेबांनी या शेवटच्या भागावर पेन्सिलीने फुली मारली होती. अशी अट न्यायालयात टिकत नाही आणि बाकीचा कागद उगाच हलका दिसतो, असे ते म्हणाले. मी फुली खोडून अट पुन्हा लिहिली आहे. टिकणार नाही हे मला माहीत आहे.

याआधी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. हे शेवटचे ठरले नाही तर मे महिन्यात मी स्वतः दारात उभी राहून दादाची वाट बघेन.

ठिकाण : मिरज
दिनांक : १८ जानेवारी २०२५

(सही) अंजना विल्सन सातपुते

अंजनाताईंनी हा कागद वाचून आमच्यासमोर सही केली आणि आम्ही त्यांच्यासमोर व एकमेकांसमोर सह्या केल्या. आम्हा दोघांना यातून काही मिळायचे नाही.

साक्षीदार :
१. (सही) लालासाहेब योहान घाटगे, पंच, राहणार मिरज
२. (सही) संयोगिता मानसिंग पवार, शेजारीण, राहणार मिरज