आईतवारचे पाहुणे

दिगंबरराव जावई,

आधी जऊळक्याहून तुमची बहीन सुलोचनाच आली, हातात पेढे घेऊन. मागून तुमची माय. पोरगी झाली म्हनून बारशाले कोनी आलं नव्हतं, माह्या लेकीले तुमी परत नेलंच नाही. आत्या नाही, तर मीच पोरीच्या कानात नाव सांगतलं, हर्षाली. पुढं विमानाचा आवाज आला का हातची भाकर टाकून मी तिले गच्चीवर नेत होती. लोक हासत. आता पोरगी खरंच विमान उडवाले शिकून राह्यली, तर तुमाले तिचा सत्कार सुचला.

सुलोचना हर्षालीले म्हने, "बाई, आत्याले वळखलं का?"

हर्षालीनं मलेच इचारलं, "आजी, ह्या कोन?"

मी म्हनलं, "जऊळक्याच्या आहेत, घर चुकल्या."

तुमची माय पदर तोंडाले लावून रडली. मी पानी देलं, चहा नाही. मले लय गोड वाटलं.

जाताना म्हनल्या, आईतवारी तुमाले घेऊन येतो, हार घालाले. मी म्हनलं, या. पोरगी शनवारीच शिकाले परत जाते, हे सांगतलं नाही. म्हनून हे पत्रबी टाकत नाही. तुमी या, आईतवारीच या.

गोजराबाई, हर्षालीची आजी
मालेगाव