पत्र्यावरचे दोन ठोके

३ फेब्रुवारी

प्रिय मास्तर,

पायलटचा नमस्कार. तुम्ही बरे असाल, वहिनींचे गुडघे अजून कुरकुरत असतील आणि तुमच्या दारातलं कुत्रं अजून पोस्टमनवर भुंकत असेल, असं धरून चालतो. तसं नसेल तर कळवा. फोनवर मला बोलता येत नाही हे तुम्हाला ठाऊकच आहे. कानाला लावला की मी ‘बरं, बरं’ म्हणतो आणि ठेवून देतो.

लेकीकडे येऊन इतके दिवस झाले, आता सगळं अंगवळणी पडायला हवं होतं. राज्याची हद्द ओलांडली तेव्हा रस्ता तोच होता, डांबरही तेच. फक्त पाट्यांवरची अक्षरं बदलली. मी जेमतेम चौथीपर्यंत शिकलेला, तरी तुम्ही कंडक्टर आणि मी ड्रायव्हर असताना आपल्या मार्गावरची एकही पाटी मला अडली नाही. इथे नुसती वेलबुट्टी दिसते. परवा सर्दी झाली म्हणून दवाखाना समजून आत शिरलो, तर ते केस कापायचं दुकान. न्हावी भला माणूस, त्याने खुर्ची पुढे केली. परत कसं फिरायचं, म्हणून केस कापून आलो. लेक म्हणाली, “बाबा, सर्दीवर उपाय चांगला शोधलात.”

जावयांची गाडी मी चालवतो. नातीला, म्हणजे आमच्या चिमणीला, शाळेत सोडणं-आणणं माझ्याकडे. गाडी लहान आणि बिनक्लचची. डावा पाय नुसता पाहुण्यासारखा बसून असतो. वळणावर हॉर्न दिला तर शिवी दिल्यासारखं बघतात. पण जावई लोकांना सांगतात, आमचे सासरे बसचे ड्रायव्हर होते, निवृत्त होईपर्यंत बसला ओरखडा नाही. ते ऐकलं की बरं वाटतं. लेकीच्या घरी राहणाऱ्या बापाला मान ताठ करायला आणखी काय असतं?

तसं विशेष काही नाही. इमारतीच्या आवारात गाडी मागे घेताना जरा घोटाळा झाला. पहारेकरी मागे उभा होता, त्याच्या पायाला लागलं. आता मागे उभं राहायचं तर माणसाने नीट इशारा द्यावा. नुसता पत्र्यावर हात आपटून काय समजायचं? शिवाय त्याची भाषा मला येत नाही. गाडीला काही झालं नाही. जावयांनी सगळं निस्तरलं.

इकडची हवा कोरडी आहे. वहिनींना नमस्कार सांगा.

तुमचा
पायलट

•

२० फेब्रुवारी

मास्तर,

कार्ड मिळालं. एवढ्या मोठ्या कार्डावर तुम्ही एकच ओळ लिहिलीत: ‘पत्र्यावर ठोके किती पडले?’ ना नमस्कार, ना खुशाली. लेकीने वाचून विचारलं, हे काय कोडं आहे. मी म्हटलं, मास्तरांना उगाच चौकशा लागतात.

दोन पडले, मास्तर.

तुम्हाला पुढचं सांगायची गरज नाही, तरी लिहितो. डेपोत असो की बाजारात, गाडी मागे घेताना मी आरशापेक्षा तुमच्या हातावर भरवसा ठेवला. दोन ठोके म्हणजे येऊ द्या, एक म्हणजे थांबा. घंटेचं तेच, पत्र्याचं तेच. त्या दिवशी पहारेकऱ्याचा पाय भिंत आणि चाक यांच्या मधे सापडत होता. तो घाबरून हात आपटत होता. ठक, ठक. माझ्या पायाने डोक्याला विचारलंच नाही. मी गाडी आणखी मागे घेतली. तो ओरडला, तेही मला तुमच्या ‘येऊ द्या, येऊ द्या’सारखंच ऐकू आलं.

त्याच्या पायाचं हाड मोडलं. चूक कुणाच्याही हातून होते, मास्तर. लाज वाटते ती पुढची. जावई धावत आले आणि त्यांनी विचारलं, “बाबा, त्याने इशारा केला नाही का?”

मी म्हटलं, “नाही.”

एवढंच म्हटलं. बाकीचं त्यांनी स्वतः जुळवलं आणि इमारतीचा कारभार बघणाऱ्या अध्यक्षबाईंना इथल्या भाषेत सांगितलं. पहारेकऱ्याचं कामात लक्ष नाही, महिनाअखेर त्याला काढायचं, असं ठरलं. ‘मी हात आपटला, मी ओरडलो,’ असं त्याने जीव तोडून सांगितलं असणार. पण एका बाजूला बिनओरखड्याचा ड्रायव्हर आणि दुसऱ्या बाजूला तो. त्याचं कोण ऐकणार?

तो फाटकाशी खुर्चीवर बसून असतो, पायाला प्लास्टर. आपल्या भाषेतला एकच शब्द त्याला येतो, चिमणीचं ऐकून शिकलेला: आजोबा. मी समोरून गेलो की तोच म्हणतो, पूर्वीसारखाच. त्याने शिवी घातली असती तर बरं झालं असतं. मी मागच्या जिन्याने ये-जा करू लागलो.

तुमचं कार्ड आलं त्या दिवशी मी जावयांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, “आता राहू द्या बाबा. मी सगळ्यांसमोर वेगळं सांगून बसलोय.” त्यांचंही खरं होतं. त्यांना तोंडघशी पाडणारा मीच.

मग मी चिमणीकडून इथल्या भाषेतलं एक वाक्य पाठ करून घेतलं. चूक माझी होती. तिने विचारलं, कुणाला म्हणायचंय? म्हटलं, सगळ्यांना. “मग जोरात म्हणा,” ती म्हणाली, “तुम्ही पुटपुटता.”

रविवारी सकाळी अध्यक्षबाई फाटकाशी उभ्या होत्या. मी जाऊन वाक्य म्हटलं. कसली चूक ते त्यांना कळेना. पुढचे शब्द माझ्याकडे नव्हते. मग मी गाडीच्या मागे गेलो, त्याच जागी पाय ठेवला, पत्र्यावर दोन ठोके दिले आणि हाताने ‘या, या’ केलं. मग एक ठोका, आणि हात आडवा. पुन्हा दोन. पुन्हा एक. माणसं जमली. कुणीतरी हसलं, म्हातारा चळला असं वाटलं असेल. पहारेकरी हसला नाही. तो खुर्चीतून अर्धा उठला आणि भराभरा बोलू लागला. शब्द कळले नाहीत, पण सूर कळला: बघा, मी तेच सांगत होतो.

अध्यक्षबाईंनी मला काही विचारलं. जावई तोवर खाली आले होते. म्हणाले, “त्या विचारतायत, हे आधी का नाही सांगितलंत?”

“सांगा त्यांना,” मी म्हटलं, “जावयासमोर कबूल करायची लाज वाटली.”

मग त्यांनी सांगितलं. सांगताना माझ्याकडे बघितलं नाही.

पहारेकऱ्याची नोकरी राहिली. पाय बरा होईपर्यंत त्याने खुर्चीतून लक्ष ठेवायचं आणि उठबस मी करायची, हे मी मागून घेतलं. गाडीची किल्ली लेकीला दिली. ‘असं काय करता बाबा’ म्हणाली, पण घेतली. जावई जेवताना माझ्याशी फारसं बोलत नाहीत. ओरखड्याची गोष्ट आता ते कुणाला सांगत नाहीत.

कुणी गाडी मागे घेऊ लागलं की मागे मी उभा असतो, तुमच्या जागेवर. इथे ठोका एक असो की चार, त्याचा अर्थ थांबा. म्हणून मी पत्र्याला हात लावत नाही, नुसता हवेत हलवतो. काल मात्र सवयीने दोनदा आपटलाच. गाडी जागच्या जागी थांबली. पहारेकऱ्याने खुर्चीतून माझ्याकडे बोट रोखलं आणि दटावल्यासारखं म्हणाला, “आजोबा.”

हे पत्र वहिनींनाही वाचून दाखवा. त्यांनाही मी बिनओरखड्याचाच वाटतो.

मागे उभा असलेला,
तुमचा पायलट