न बांधलेल्या कुंचल्यांच्या पावत्या

१४ नोव्हेंबर २००८

चि. जिंगहे यास,

अनेक आशीर्वाद. आज पहाटे जाग आली ती आपल्या घरातून कधीच गेलेल्या एका आवाजाने. कुंचल्यांसाठी आई परातीतल्या पाण्यात शेळीचे केस विंचरायची ना, तो. सर्र… जरा थांबून पुन्हा सर्र. त्या तालावर मी शाळेतल्या कविता घोकायचो आणि तू माझ्या मांडीवर बसून अक्षरं गिरवायचास. तुझा हात माझ्या मुठीत. म्हणून तर दोघा भावांचं अक्षर एक झालं.

इकडे ठीक आहे. शाळेतून निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी घंटेच्या वेळेला उठून उभा राहतो. गुडघे ऐकत नाहीत. संत्र्याला यंदा फळ कमी.

परवा बाजारात कळलं, तुझी सुवान भरतीच्या परीक्षेत जिल्ह्यात दुसरी आली, तरी करखात्याने तिला घेतलं नाही. चौकशीत तुझी शिक्षा निघाली. भाजीवाली हसत म्हणाली, "बापाने खोट्या पावत्या फाडायच्या आणि लेकीने त्या तपासायच्या? बरं चाललं असतं खातं!" मी कोबी तिथेच ठेवून परतलो.

जिंगहे, मी थकलोय. बारा वर्षं दर नववर्षाला तुला हवा, पीक आणि गुडघे एवढंच लिहितोय.

व्हॅट नवा आला तेव्हा मला त्यात कविताच दिसायची. केस विकणारा, बांबू कापणारा, कुंचला बांधणारा. ज्याने किंमत जेवढी वाढवली तेवढ्यापुरताच त्याचा कर. आधीच्याने भरलेला वजा, फक्त त्याची पावती दाखवायची. एका हाताने दुसऱ्यावर ठेवलेला विश्वास. तुझ्या कुंचल्यांच्या कारखान्याच्या पावत्या रविवारी मी किती हौसेने लिहायचो!

मग शहरातला तो फांग शेठ आला. तू केस आणायला डोंगराकडे गेला होतास. "गुरुजी, माल नको मला. नुसत्या पावत्या द्या. माझा कर वाचेल आणि तुमचं कवितांचं पुस्तक छापून निघेल. कोणाच्या खिशातून जातंय?"

अकरा पावत्या लिहिल्या. त्यांतला एकही कुंचला कोणी बांधला नव्हता. शिक्का तुझ्या खणातला.

पुढे तपासाला आलेल्या करखात्याच्या अधिकाऱ्याने पावती पुढे धरून विचारलं, "अक्षर कोणाचं?" तू कागदाकडे पाहिलंस, मग माझ्याकडे. "माझं," म्हणालास. त्याने तुझ्याकडून दोन ओळी लिहून घेतल्या. जुळल्या. जुळणारच. मी चहाचा पेला धरून उभा होतो. चहा निवला, म्हणून दुसरा आणायला मी आत गेलो.

तुला तीन वर्षं तुरुंग. माझ्या पुस्तकाच्या दोनशे प्रती. त्यातल्या एकशे साठ अजून पलंगाखाली आहेत, वाळवीनेसुद्धा अर्ध्याच वाचल्या.

सोमवारी मी करखात्याच्या कचेरीत जाऊन

थांब, दार वाजतंय.

तूच आलायस. बारा वर्षांनी. तुझी वहिनी गडबडली, "भाऊजी, आधी आत या, शेवया टाकते." तू उंबऱ्याबाहेरच. "जेवायला नाही आलो, वहिनी. दादा, पोरीसाठी एक अर्ज लिहून दे. तुझी भाषा चांगली आहे."

"काय लिहू?"

"बापाच्या चुकीची शिक्षा लेकीला नको. बाकी एक शब्द नको. कळलं?"

कळलं. अजूनही तू मलाच झाकतोयस.

वहिनीने शेवटी तुला अंगणात बसवलं. तू वाडगा हातात धरून, पाठ दाराकडे करून खातोयस, आणि मी आत बसून तुलाच पत्र लिहितोय. तुझ्या तोंडावर हे मला बोलता आलं नसतं. अर्ज लिहून झाला आहे. तू सांगितलेलं वाक्य त्यात नाही. 'अकराही पावत्या मी लिहिल्या, माझ्या भावाला त्यांची खबर नव्हती,' असं आहे. तू फाडशील, हे ठाऊक आहे, म्हणून दुसरी प्रत काढली आहे. सोमवारी ती मीच नेऊन देणार. सुवानचं काम त्याने होईल का, हे मला माहीत नाही.

पावत्यांवर अक्षर माझं होतं, सही नव्हती. इथे दोन्ही आहेत.

तुझा दादा,
लियाओ जिंगशान